नळातील हवा

तारीख ४, मंगळवार

तुझे पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, मी या वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ते इस्पितळातील अर्जासारखे दिसू लागले, म्हणून पान फाडले आणि इथून सुरुवात करीत आहे. तू जाऊन आज अठ्ठावन्न दिवस झाले. तुला उद्देशून लिहिण्यास कोणताही तर्कशुद्ध आधार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु एकतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर, कोणाला तरी अहवाल सादर केल्याखेरीज काम पुरे झाले असे मला वाटत नाही. आणि प्रस्तुत विषयात वरिष्ठ तूच आहेस.

विषय: घरातील पाणी मऊ करण्याचे यंत्र.

तीस तारखेला घर रिकामे करून घरमालकीणबाईंच्या ताब्यात द्यावयाचे आहे. मुलीने तिच्याकडे माझी खोली लावूनही ठेवली. करारात एक कलम आहे, की यंत्र चालू स्थितीत परत करावे. तू होतीस तोवर त्या कलमाकडे मी पाहिलेही नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेतून तू निवृत्त झालीस ती थेट या यंत्राच्या सेवेत रुजू झालीस. माझे काम मिठाच्या गोण्या उचलून आणणे एवढेच. ‘हमाल चांगला आहे हो, पण शिकायला तयार नाही,’ असे तू प्लंबरला सांगितले होतेस, मी समोर उभा असताना.

सध्याची स्थिती: साबणाला फेस येत नाही. किटलीच्या तळाशी पांढरे कवच धरले आहे. न्हाणीघरातील काचेचा आडोसा दुधाळ झाला आहे. यंत्र बिघडले, यात शंका नाही. दुरुस्ती मी स्वतः करणार आहे.

तारीख ५, बुधवार

जिन्याखालच्या कोनाड्यात दिवा लावून दोन तास निरीक्षण केले. मला समजले ते असे. उंच नळकांड्यात रेझिनचे बारीक दाणे आहेत. ते पाण्यातील क्षार धरून ठेवतात. दाणे भरले की शेजारच्या बुटक्या पिंपातील मिठाचे पाणी त्यांच्यातून ओढून घ्यावे लागते, म्हणजे धरलेले सारे ते सोडून देतात. याला तू ‘यंत्राची आंघोळ’ म्हणायचीस.

तुझी नोंदवही दोरीला टांगलेली आहे. नऊ वर्षांच्या नोंदी, एकही दिवस चुकलेला नाही. एके ठिकाणी तू आकडा खोडरबराने पुसला होतास आणि मी आक्षेप घेतला होता. आमच्या खात्याचा नियम असा, की नोंद पुसावयाची नाही, गिरवावयाची नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ ओढावी, खालचा शब्द वाचता यावा, शेजारी योग्य शब्द, सही, दिनांक. ‘बरं, निरीक्षकसाहेब,’ म्हणालीस आणि त्यानंतर दर चुकीवर माझी नक्कल करून वळणदार सही करू लागलीस.

शेवटची नोंद माझी आहे. तुझा खांदा दुखत होता म्हणून त्या दिवशी प्रथमच मला काम शिकवलेस. ती येथे उतरवून घेतो:

‘२.३० सुरू. पहिला टप्पा, उलट धुलाई. पाण्याचा मोठा आवाज. २.३४ ते २.४१ नळात ठोके, एकूण आठ. हवा असावी. २.४४ टप्पा पूर्ण. ३.५० सर्व पूर्ण. वेळापत्रकाप्रमाणे.’

तू वर आंघोळीला गेली होतीस. जाताना म्हणालीस, ‘माझं आटोपलं की हाक मारते, मग बटण दाबा. मध्येच सुरू केलंत तर वर पाण्याची धार एकदम बसते.’ अडीच वाजले. हाक आली नाही. वेळापत्रकावर तुझ्याच अक्षरात अडीच लिहिलेले होते. मी वेळ चुकवली नाही. घड्याळ हातात धरून चारही टप्पे उभ्याने नोंदवले. तू खूश होशील अशी माझी खात्री होती. ३.५२ ला वही दाखवावयास वर गेलो.

त्यापुढचे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. डॉक्टरांनी विचारले होते, ‘तुम्ही घरातच होतात ना? पडल्याचा, हाक मारल्याचा काही आवाज?’ मी सांगितले, नाही. ते सत्य होते.

म्हणजे दोष दोन आहेत. एक, पाणी मऊ होत नाही. दोन, नळातील ठोके. दोन्ही दूर करूनच ताबा दिला जाईल.

तारीख ७, शुक्रवार

तुझ्या पेटीतील काचनळीत पाणी घेऊन चाचणीच्या थेंबांनी क्षार मोजला. पाणी आधी लाल होते. थेंब घालीत जायचे, निळे होईपर्यंत. तुझ्या नोंदींत पहिल्याच थेंबाला निळे. आज एकोणीस थेंब लागले. मोजताना एखादा अधिक पडला असेल. दोनदा केले. दोन्ही वेळा एकोणीस.

पिंपाचे झाकण उघडले. मीठ काठोकाठ आहे. तेव्हा मिठाची कमतरता हे कारण संभवत नाही.

तारीख १०, सोमवार

आज सकाळी न्हाणीघराच्या काचेवर एक हात दिसला.

शांतपणे लिहितो. काचेवर सर्वत्र पांढरा थर आहे. एका जागी मात्र तो नाही, आणि ती जागा उजव्या तळहाताची आहे. पाच बोटे स्पष्ट. काल तो नव्हता, निदान माझ्या ध्यानात आला नव्हता. दोन्ही दारे तपासली. कड्या आतून लावलेल्या होत्या. खिडकीच्या जाळीवर धूळ जशीच्या तशी. मी माझा हात त्यावर न टेकवता समोर धरून पाहिला. माझा बोटभर मोठा आहे.

तासाभराने खुलासा सुचला. तुझ्या हातांना प्रयोगशाळेपासून भेगा. आंघोळीच्या पाण्याने चरचरू नये म्हणून तू आधीच ते घट्ट पिवळे मलम चोळून जायचीस. मलम लागलेल्या काचेवर पाणी ठरत नाही. पाणी ठरत नाही तेथे क्षारही बसत नाही. भोवताली थर चढेल तसा तळवा उठून दिसणार. यात अनैसर्गिक काही नाही.

ठसा जमिनीपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर आहे. तू खाली बसून फरशी पुसत असशील.

तारीख ११, मंगळवार

अजून दोन. एक पहिल्याच्या शेजारी, किंचित खाली, एक त्याहून खाली.

आंघोळ करताना मी त्या बाजूस पाठ केली. मग ते असभ्य वाटले, म्हणून वळलो. मग वळणेही योग्य वाटेना.

प्लंबरला फोन केला. सारा परिसर त्याला ‘वायसर’ म्हणूनच ओळखतो. तोही त्याच नावाला ओ देतो. सर्व लक्षणे क्रमवार वाचून दाखवली.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मशीन बिघडलेलं नाही. उपाशी आहे.’

‘पिंप काठोकाठ भरले आहे.’

‘वरून भरलंय हो! आत हात घातलात का? मिठाचं छत होतं. वर कडक पापुद्रा, खाली सगळं पोकळ. पाणी मिठाला लागतच नाही. लाकडाची काठी घ्या आणि हळू टोचा. बाईंना माहीत होतं हे. दर महिन्याला टोचायच्या. तुम्हाला नाही सांगितलं?’

‘मी विचारले नव्हते,’ असे मी सांगितले.

‘येऊ का मी?’

‘नको. पद्धत सांगा.’

‘तुम्ही म्हणजे अगदी... बरं, लिहून घ्या.’

तारीख १३, गुरुवार

दुरुस्तीचा अहवाल.

प्रथम यंत्र बायपासवर टाकले, म्हणजे पाणी यंत्रात न शिरता परस्पर घरात जाते. आतला दाब सोडला. तुझ्या लाटण्याने मिठाच्या मधोमध दाबले. सुरुवातीला दगडासारखे लागले. दुसऱ्या दाबाला सगळा पृष्ठभाग एकदम खाली गेला आणि आतून एक लांब, थंड वास वर आला. आत हातभर पोकळी होती. सात तारखेला मी नुसते झाकण उघडून ‘मीठ काठोकाठ’ असे लिहिले होते.

मिठाचे पाणी ओढणारी बारीक तोटी उघडली; तिचे भोक गाळाने बुजले होते. कोमट पाणी आणि तुझा जुना दातांचा ब्रश. रबराची कडी उलटी बसवली, पाणी गळले, पुन्हा उघडली, सुलट बसवली. वायसरला कळवू नये.

मग ठरल्याप्रमाणे २.३० ला बटण पाच सेकंद दाबून धरले. त्याच जागी, तेच घड्याळ. पहिला टप्पा सुरू झाला की गटारात जाणाऱ्या पाण्याचा असा गडगडाट होतो, की शेजारी कोणी बोलले तरी कळू नये. २.३४ पासून कान नळावर ठेवला. २.४१ झाले. २.४४ झाले. एकही ठोका नाही.

संध्याकाळची चाचणी: पहिल्या थेंबाला निळे.

दोष एक दूर. दोष दोन आढळला नाही. परंतु न आढळणे म्हणजे नसणे नव्हे.

तारीख १६, रविवार

मुलगी आली. बांधाबांध करावयास. येताच तिने माझ्या कपाटातील सहा स्वेटर पाहून ‘बाबा, तुम्ही दुकान काढणार आहात का?’ असे विचारले, आणि आपण दोघे हसलो, म्हणजे ती आणि मी.

दुपारी ती न्हाणीघर आवरावयास गेली. बराच वेळ आवाज नाही. वर गेलो तर ती काचेसमोर उकिडवी बसली होती.

‘हे हात...’

मी मलमाचा खुलासा दिला. तो तिला पटला असावा, कारण ती मान हलवीत राहिली. मग म्हणाली, ‘पण इतके खाली का?’

‘तुझी आई फरशी पुसत असे.’

‘बाबा, आईचे गुडघे वाकत नव्हते. तीन वर्षं तिनं फरशी पुसली नव्हती. तुम्हीच तर पुसायचात.’

हे खरे आहे. माझ्या लक्षात राहिले नव्हते. मी म्हणालो, मग काही उचलावयास वाकली असेल. आणि ओघात ठोक्यांचा विषय निघाला म्हणून नोंदवही आणून तिला त्या दिवसाची नोंद वाचून दाखवली. यंत्र सुरळीत होऊनही आठ ठोक्यांचे कारण सापडत नाही, हे किती चमत्कारिक आहे, असे मी तिला सांगत होतो. तिने वही माझ्या हातातून घेतली, मिटली, आणि मिटलेली वही दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

‘बाबा, त्या मशीनच्या मागे लागू नका आता. चालतंय ना? पुष्कळ झालं.’

‘दोष दोन शिल्लक आहे.’

‘काच मी पुसून टाकते. आत्ता. लिंबाच्या फुलाचं पाणी लावलं की निघेल.’

मी ‘नाही’ म्हणालो. मला वाटले त्याहून मोठ्याने म्हणालो. ती घाबरली नाही, रडली. तिला आईची आठवण येणे स्वाभाविक आहे. जाताना तिने मला किती तरी वेळ धरून ठेवले, जणू मीच कुठे पडणार होतो.

तारीख १८, मंगळवार

तपासणीसाठी यंत्र पुन्हा बायपासवर टाकले आहे.

तारीख १९, बुधवार

कालची नोंद अपुरी आहे. मी खोटे लिहीत नाही, म्हणून पुरी करतो. तपासणी वगैरे काही नव्हती. पाणी मऊ झाल्यापासून काचेवर नवा थर चढणे थांबले होते. सहा हात स्पष्ट होते आणि सातवा अर्धाच, करंगळीपाशी थांबलेला. यंत्र चालू राहिले असते तर तो तसाच राहिला असता. मी त्याला अर्धवट सोडू शकलो नाही.

तर आता मी जड पाण्याने दिवसातून दोनदा आंघोळ करतो. अंग कोरडे पडून खाजते. वरच्या फवाऱ्याची तोटी काचेकडे वळवून ठेवतो आणि पाणी वाळेपर्यंत दाराबाहेर खुर्चीवर बसतो. दार किंचित उघडे ठेवतो.

तारीख २३, रविवार

सातवा पुरा झाला. बोटे पसरलेली नाहीत, वाकलेली आहेत. त्याखाली आज आठवा आला. तो ठसा नव्हे, ओढ आहे. तळवा टेकला तेथून चार बोटांच्या चार रेघा खाली फरशीपर्यंत गेल्या आहेत.

आणखी चार दिवस थर चढू दिला तरी नवे काही येईल असे वाटत नाही. एकूण आठ.

मापे घेतली. सर्वांत वरचा अठ्ठेचाळीस, सर्वांत खालचा एकोणीस सेंटिमीटर. एकापेक्षा दुसरा खाली, क्रमाने. मी हे आकडे नोंदवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिलो. काही तरी जुळते आहे असे वाटते, पण काय ते हाती लागत नाही. उद्या पुन्हा पाहीन.

तारीख २५, मंगळवार

घरमालकीणबाईंना ताब्यापूर्वी वायसरचा दाखला हवा होता, म्हणून त्याला बोलावले. यंत्र पुन्हा चालू केले. त्याने तोटी पाहिली, रबराची कडी पाहिली. ‘उलटी बसवून मग सुलट केलीय,’ म्हणाला. कसे ओळखले कोण जाणे.

ठोक्यांचे मी त्याला सांगितले.

‘हवा? या लाइनीत? हवा असती तर सारखं खडखडलं असतं साहेब. मोजण्यासारखं वाजलं नसतं. कदाचित वरची पकड सैल असेल. तुम्ही खाली थांबा, मशीन लावा. मी वर जाऊन बघतो.’

२.३० ला बटण दाबले. गडगडाट सुरू झाला. तो वर गेला. मी घड्याळ धरून उभा राहिलो.

२.३६. ठोका. मग आणखी दोन.

तेच. तोच बोथट आवाज, नळातून खाली येणारा, दोहोंमध्ये तेवढेच अंतर. मी ओरडलो, ‘वायसर, सापडला! हात लावू नका, जिथे आहात तिथेच थांबा!’ इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. वही घेऊनच जिना चढलो.

तो न्हाणीघरात खाली बसलेला होता. एक पाय दुमडलेला, उजवा हात काचेवर.

‘अहो, कसली पकड! फरशी ओली, पाय सटकला, बूड शेकलं नुसतं. हाका मारल्या तुम्हाला दोन-तीन, त्या आवाजात कुठं ऐकू जाणार! म्हणून काच थापटली. ही काचेची पट्टी बघा, भिंतीत पाइपालाच टेकवून ठोकलीय कुणी शहाण्यानं. इथं थापटलं की थेट खाली मशीनपाशी...’

तो बोलता बोलता थांबला. काचेकडे पाहिले. हात काढून घेतला. मग माझ्याकडे पाहिले नाही.

त्याचा हात ज्या उंचीवर होता तिचे माप मी घेतले नाही.

उठताना तो म्हणाला, ‘साहेब, मी जरा बसतो तुमच्यापाशी.’ आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. यंत्राचे चारही टप्पे पूर्ण होईपर्यंत तो बसून होता. विनोद केला नाही.

दोष दोन आढळला.

तारीख २७, गुरुवार

आंघोळ केली नाही.

तारीख २८, शुक्रवार

मुलीला फोन केला. विचारले, ‘त्या रविवारी वही वाचून दाखवली तेव्हा तुझ्या लक्षात आले होते ना?’

तिने उलट विचारले,

‘बाबा, जेवलात का?’

‘नाही.’

‘जेवून घ्या. मग परत फोन करा. मी इथंच बसलेय.’

जेवलो. फोन केला. ती तिथेच बसली होती. दोघेही फार बोललो नाही. फोन मात्र ठेवला नाही.

तारीख ३०, रविवार

मुलगी आणि जावई सकाळी आठला सामान घेऊन गेले. मुलगी म्हणाली, ‘काच मी करते.’ मी म्हणालो, ‘ते माझे काम आहे.’ तिने आग्रह धरला नाही. गाडी कोपऱ्यावर उभी करून वाट पाहते म्हणाली.

लिंबाच्या फुलाचे कोमट पाणी, मऊ फडके. वरून सुरुवात केली. हातांवरून फडके फिरवावे लागेल या विचाराने रात्री दोनदा उठून काच पाहून आलो होतो. परंतु तसे झाले नाही. हात तर काचेवर नव्हतेच. भोवतालचा थर होता. तो निघत गेला तसे हात आपोआप दिसेनासे झाले, वरून खाली, एकेक. शेवटच्या चार रेघांपाशी मी फरशीवर बसलो. त्या उंचीवरून न्हाणीघराचे दार फार उंच आणि फार लांब दिसते. हे मला आधी माहीत नव्हते.

शेवटी काच पूर्ण स्वच्छ झाली. मी तिच्यातून पलीकडच्या भिंतीकडे पाहिले. मग मनगटाने एकदाच, हळू, थापटले. आवाज खाली गेला. यंत्र बंद होते, त्यामुळे घरभर स्पष्ट ऐकू आला.

चाचणी: पहिल्या थेंबाला निळे. मीठ टोचून पाहिले, पोकळी नाही. बायपास बंद. यंत्राची पुढील आंघोळ बारा दिवसांनी. नव्या भाडेकरूंसाठी सूचना वहीच्या मागील पानावर लिहिली: घरात कोणी न्हात असेल तर सुरू करू नये. हाक येईपर्यंत थांबावे. हाक आली नाही, तर वर जाऊन पाहावे.

मग त्या दिवसाचे पान उघडले. पान फाडावयाचे नाही, शब्द पुसावयाचा नाही. ‘हवा असावी’ या दोन शब्दांवर पट्टीने एकच सरळ रेघ ओढली. खालचे वाचता येते. शेजारी लिहिले: ‘हाक होती.’ सही केली. दिनांक घातला. वही दोरीला, तिच्या जागी टांगली.

घरमालकीणबाई अकराला आल्या. वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, काच अगदी नव्यासारखी केलीत हो. कुणी राहून गेलंय असं वाटतसुद्धा नाही.’

मी ‘आभारी आहे’ म्हणालो.

नळ बंद, दिवे बंद, खिडक्या बंद. पुढील दाराला ११.२० वाजता कुलूप लावले, ओढून पाहिले. किल्ल्या तीन, पैकी एक तुझी, लाल दोरा बांधलेली. दोरा सोडवून घेतला. तिन्ही किल्ल्या बाईंच्या हाती परत केल्या.